सातवा रांजण

गुरुवारी सकाळी पावणेनऊला घाटातल्या पोलीस चौकीचा फोन वाजला. पलीकडे खोडाळ्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर हर्षाली होत्या, आणि त्यांनी नमस्कारसुद्धा केला नाही.

"बोरपाड्याच्या विषारी दारूचे कागद कोणाकडे आहेत?"

"माझ्याकडेच," हवालदार तुळशीदास भोये म्हणाला.

"मग ते इतक्यात मिटवू नका. गौराचे दोन्ही हात मनगटापासून लोंबतायत. काल संध्याकाळी मी स्वतः तपासले, धड होते. आज सकाळी तिला पेला धरता येईना. तिच्या पोरीला रात्रीतून दोनदा झटके आले. हे दारूचं दुखणं नाही. पोटात काय गेलंय ते मला कळलं पाहिजे, नाहीतर पोरगी जाईल."

तुळशीदासने हे सगळं डायरीत उतरवून घेतलं. समोरचा जसं बोलेल तसं, त्याच्याच शब्दांत लिहायचं, ही त्याची खोड. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्याने कोणाच्या जबाबात आपल्या पदरचा एक शब्द घातला नव्हता. म्हणूनच तो अजून हवालदार राहिला, असं चौकीवरचे लोक म्हणत.

फोन ठेवून त्याने मागचं पान उलटलं. बुधवारचा फोनही त्यानेच घेतला होता. सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही, खोडाळ्याच्या बाजारातून बोलतो एवढंच म्हणाला. खाली त्याचे शब्द होते: "बोरपाड्याच्या हिरीची दारू विषारी आहे. लहान्या काल मेला. अजून लोक पडतील. पोटात कळा येतात, हात लुळे पडतात. गाडी घेऊन लवकर या."

पुढचं सगळं एका दिवसात उरकलं होतं. फौजदारसाहेब जीप घेऊन सूर्यमाळच्या अंगाला वर चढले, हिरीच्या घरामागची मोहाची मडकी फोडली, हिरीला जीपमध्ये घातलं आणि चार आजारी माणसांना खोडाळ्याला पोचवलं. हिरी साठीची बाई, मेलेल्या लहान्याची सख्खी आई, पण घर आणि चूल वेगळी. गौरा तिची सून आणि रविना सात वर्षांची नात. म्हणजे कागदावर असं झालं होतं, की म्हातारीने दारू गाळली आणि आपल्याच पोराला पाजून मारलं. साहेबांना त्यात काही खटकलं नव्हतं. साहेबांना सहसा काही खटकत नसे.

हिरी मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. कालपासून ती रडलीही नव्हती आणि बोललीही नव्हती. तुळशीदासने तिच्यापुढे चहा ठेवला.

"मावशे, ती दारू तू स्वतः पितेस?"

"रोज."

"लहान्याला दिलीस तीच?"

"तीच. एकाच मडक्यातली."

"मग तुझं पोट दुखतं? हात?"

हिरीने दोन्ही हात पुढे केले. सुरकुतलेले, पण ताठ. "माझा काय नाय दुखत," ती म्हणाली. "मीच कशाला उरली, ता सांग."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला चाललंय, एवढं तुळशीदासला कळलं. त्याने टोपी घातली आणि खोडाळ्याची जीप धरली.

दवाखान्यात चार खाटा भरल्या होत्या. दोन खाटांवर सखा आणि पारू, लहान्याच्या शेजारचे नवरा-बायको, पोट धरून पडलेले. तिसरीवर गौरा. चौथीवर रविना, सलाईन लावलेली, डोळे अर्धवट उघडे आणि त्या डोळ्यांना काही दिसत नसलेलं.

डॉक्टरबाईंनी पोरीचा ओठ बोटाने खाली केला. हिरडीच्या कडेला निळसर काळी रेघ होती, पेन्सिलीने ओढावी तशी.

"गौरालाही आहे," त्या म्हणाल्या. "पण ती मिश्री लावते, म्हणून काल मी तिकडे लक्ष दिलं नाही. ही पोर मिश्री लावत नाही. कुठलातरी धातू पोटात गेलाय. एका दिवसात नाही, महिनाभर रोज थोडा थोडा. पारा असेल, शिसं असेल, सोमल असेल. प्रत्येकाचं औषध वेगळं आणि माझ्याकडे एकही नाही. नाशिकला विचारलं, तर ते म्हणाले नाव सांगा, आम्ही तयारी ठेवतो. मेंदूला सूज यायला लागलीय. आज रात्रीपर्यंत पोरगी नाशिकला पोचली पाहिजे आणि तिच्याबरोबर ते नाव पोचलं पाहिजे."

तुळशीदास गौराच्या खाटेशी स्टूल ओढून बसला. पंचविशीची बाई. हात मांडीवर ठेवलेले होते, दुसऱ्या कोणाचे सांभाळायला दिल्यासारखे. नवरा जाऊन दोन दिवस झाले होते आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत दुसऱ्याच्या घरची हकिकत सांगावी तशी बोलत होती.

"बाय, घरात दारू कोण घ्यायचं?"

"तोच. बाकी कोण नाय."

"पोरीला कधी दिली?"

"नाय."

"सखा, पारू?"

"सखा घेतो. पारू शिवत नाय."

"मग तुम्ही चौघं आणि लहान्या, पाचही जणांनी मिळून काय खाल्लं?"

ती म्हणाली, "राबाला व्हते सगळे."

राब म्हणजे काय, हे तुळशीदासला सांगायची गरज नव्हती. पावसाआधी भाताचं रोप टाकायची जागा भाजून काढायची, त्यासाठी तिच्यावर फांद्या, पाला, शेण रचून पेटवायचं. एका घराला ते काम आवरत नाही. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. ज्याचा राब त्याने आलेल्यांना पोटभर आंबील पाजायची, ही रीत. लहान्याची जागा लांब उतारावर, फांद्या तोडून वाहायलाच दिवस जायचे. सखा आणि पारू तीन आठवडे रोज येत होते.

आंबील नागलीची, नेहमीचीच. पीठ भिजवायचं, आंबवायचं, शिजवायचं. त्यात वेगळं काही घातलं नव्हतं, असं गौराने सांगितलं. शेजारच्या खाटेवरून पारू पोट दाबत मध्येच बोलली.

"हिची आंबील आंबतच नव्हती, हवालदार. आमची एका रातीत तोंड वाकडां करते. हिची तिसऱ्या दिसालापन गोड. रविना तं दिसभर तीच प्यायची."

"आणि लहान्या?"

"त्याचे दात दुखत व्हते," गौरा म्हणाली. "भाकर चावत नव्हती. मी त्याला आंबीलच वाढायची."

"कशात करायचीस एवढी?"

"हेमंतदादाने दिलेल्या रांजणात. होळीनंतर पानी आटलां, रांजण कोरडा पडला. कोरडा भांडा घरात ठेवू नये म्हणतात. आन राबाला येवढी मानसां, मडकी पुरत नव्हती."

"तो रांजण आता कुठे आहे?"

"नाय तो. सोमवारी मी राबावरून आली तं नव्हता. फुटला असल."

तुळशीदासने तेही लिहून घेतलं. फुटलेल्या भांड्याचे तुकडे पडतात, पण ते त्याने विचारलं नाही. तिला विचारून उपयोग नव्हता.

जीप जिथे थांबते तिथून बोरपाडा तासाभराची चढण आहे. तुळशीदास पोचला तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि सगळ्या तरण्या बायका खाली दरीत पाण्याला गेल्या होत्या. हंडा भरून परत यायला त्यांना दोन-अडीच तास लागतात. घरं सात. प्रत्येक ओटीवर एक सिमेंटचा रांजण, कमरेइतका उंच, राखाडी रंगाचा, पोटावर काडीने कोरलेली जानेवारी दोन हजार चारची तारीख. सहा ओट्यांवर सहा रांजण होते. सातव्या, लहान्याच्या ओटीवर शेणाने सारवलेल्या जमिनीत नुसता गोल खळगा होता. खळग्यात एकही खापर नव्हतं.

शेजारच्या ओटीवर काळी नावाची म्हातारी मोहाची सुकी फुलं निवडत होती. तिच्या रांजणात तीच फुलं भरलेली. तिला काही होत नव्हतं. पलीकडच्या घरांत रांजणात पाणी होतं, जानेवारीपासून त्यातलंच पाणी पीत होते, त्यांनाही काही होत नव्हतं. सगळे रांजण एकाच हाताचे, एकाच मालाचे, एकाच आठवड्यात केलेले. तुळशीदास काळीच्या पायरीवर बसला आणि त्याने टोपी काढली. एकाच आईच्या सात पोरांतलं एकच कसं खुनी निघेल, हे त्याला उलगडेना.

"हेमंत चांगला पोर," काळी न विचारता म्हणाली. "पाड्यात पयला तोच शिकला. खाली कंपनीत साहेब हाय. आयतवारी आला तं घरोघर फिरला. रांजणात डोकावून बघी, नि सांगी, पान्याबिगर यात काय ठेवू नका. माझी फुलां बघून म्हनला, सुकीच ठेव आये, भिजवू नको."

"रविवारी आला?"

"आयतवारीच. मी कोंबडी कापली व्हती."

तेवढ्यात हेमंत स्वतःच आला. लहान्याचा चुलतभाऊ. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, डोळे झोप नसलेले. समुद्राकडच्या कारखान्यांच्या पट्ट्यात एका कंपनीत तो सुपरवायझर होता. जुन्या बॅटऱ्या वितळवून त्यांतला धातू काढायची भट्टी. त्याने तुळशीदासला पाणी दिलं आणि विचारलं ते सगळं नीट सांगितलं.

"रांजण कसले केलेस?"

"भट्टीची भुकटी आणि सिमेंट. कंपनी तो कचरा सिमेंटमध्ये कालवते, ठोकळे पाडते आणि पुरून टाकते. सिमेंट त्याला आत धरून ठेवतं. बाहेर सुटू देत नाही. पुरायचाच माल, मी त्याचे रांजण केले. इथे टँकर चढत नाही, हवालदार. बायका हंडाभर पाणी आणतात आणि साठवायला काही नाही. लहानपणापासून बघतोय मी."

"आणि ते खात्रीचं आहे?"

हेमंतने घरातून प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद आणला. प्रयोगशाळेचा अहवाल. तुकडा अठरा तास साध्या पाण्यात ठेवला, पाणी निर्दोष. खाली शिक्का, सही, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात: पान एक, एकूण पानं दोन.

"दुसरं पान?"

"कुठेतरी पडलं असेल."

"लहान्याचा रांजण?"

"मी आलो तेव्हा नव्हताच."

"कधी आलास?"

"मंगळवारी. लहान्या गेला त्या दिवशी."

तुळशीदासने लिहिलं: मंगळवारी. मग त्याने अहवालावरचा फोन नंबर उतरवून घेतला, पाण्याचा तांब्या परत दिला आणि घरामागे निघाला. हेमंत त्याच्या मागे आला नाही. तो ओटीवरच्या खळग्याकडे बघत उभा राहिला.

ओटीवर खापर नाही, म्हणजे रांजण तिथे फुटला नव्हता. अख्खा रांजण एका माणसाला फार लांब नेता येत नाही. घरामागे शंभर पावलांवर दरीची कड होती. खाली कारवीच्या वाळक्या जाळीत राखाडी तुकडे पडलेले होते. तुळशीदास बसत बसत खाली उतरला.

पोलिसात यायच्या आधी चार वर्षं तो ठाण्याला इमारतींवर बिगारी होता. सिमेंट त्याने डोक्यावरून वाहिलं होतं, हाताने कालवलं होतं, त्याने बोटं सोलवटून घेतली होती. काठाचा एक तुकडा उचलून त्याने त्यावर किल्ली ओढली. किल्ली घसरली. कडक, गुळगुळीत. मग बुडाचा तुकडा उचलला. आतल्या अंगाला तो खडबडीत होता, वाळूचे दाणे उघडे पडलेले. किल्ली आत रुतली आणि भुगा पडला. चार महिन्यांचं सिमेंट, वर जवान आणि खाली म्हातारं. आंबील जिथपर्यंत भरत असे तिथे एक स्वच्छ रेघ होती आणि रेघेखाली सगळं खाल्लेलं होतं.

तिथे बसल्या बसल्या त्याला ठाण्याचा मिस्त्री आठवला. मजुरांच्या चुलीपाशी नव्या ओट्यावर कोणी चिंचेचं पाणी सांडलं, की तो ओरडायचा, "खट्टा मत गिराओ, खट्टा सीमेंट को खा जाता है." तेव्हा तुळशीदासला ती कटकट वाटायची. त्याने दोन्ही तुकडे रुमालात बांधले आणि तो जवळजवळ धावतच डोंगर उतरला. त्या वयाला ते शोभत नव्हतं.

दवाखान्यात पोचायला चार वाजले. बॅटऱ्यांची भट्टी, एवढं ऐकल्यावर डॉक्टरबाईंनी हात वर करून त्याला थांबवलं.

"शिसं," त्या म्हणाल्या. "हिरडीची रेघ, पोटातल्या कळा, लुळे हात. शिसंच."

त्यांनी नाशिकला फोन लावला, मग चौकीला लावला, आणि हे दारूचं विष नाही असं आपल्या सहीनिशी लिहून देते म्हणून फौजदारसाहेबांना सांगितलं. साहेब कुरकुरले, पण लेखी मिळतंय म्हटल्यावर तयार झाले. साडेपाचला दवाखान्याची जीप निघाली. जीपमध्ये पोरगी आडवी, तिच्या उशाशी नर्स आणि पायाशी हिरी. पोलीस कोठडीतून आलेली आजी नातीचे पाय मांडीवर घेऊन बसली. बाकीच्यांना दुसऱ्या खेपेला न्यायचं ठरलं. तुळशीदासने मात्र त्या रात्री डायरीतलं बुधवारचं पान तीनदा वाचलं आणि सकाळी प्रयोगशाळेला फोन केला.

शुक्रवारी दुपारी हेमंतला जबाबासाठी दवाखान्यात बोलावलं होतं. व्हरांड्यात फौजदारसाहेब खुर्चीवर, डॉक्टरबाई दाराशी उभ्या. खिडकीच्या आत गौराची खाट. खिडकी बंद करू का, असं तुळशीदासने तिला विचारलं होतं. तिने मान हलवून नको म्हटलं.

"साहेब," तुळशीदासने सुरुवात केली, "दारू पाचांतल्या दोघांनीच घेतली होती. जिने गाळली तिला काही झालं नाही. पाचांच्या पोटात एकच गोष्ट गेली होती, आंबील. ती आंबील आंबत नव्हती. वैशाखाच्या तोंडावर तीन दिवस ठेवलेली नागलीची आंबील आंबट होत नाही, हे मी जन्मात ऐकलं नाही. मग तिचा आंबटपणा कुठे जात होता?"

त्याने रुमाल सोडला आणि बुडाचा तुकडा साहेबांच्या पायाशी ठेवला. बरोबर आणलेल्या चिंचेच्या कोळाचे चार थेंब त्यावर टाकले. तुकड्यावर बारीक फेस आला.

"हा इथे जात होता. आंबट सिमेंटला खातं. आंबील रांजणाला खात होती, म्हणून ती आंबट होत नव्हती. आणि सिमेंट खाल्लं गेलं, की त्याने धरून ठेवलेलं सुटतं. आत काय धरलेलं होतं, ते हेमंतने स्वतःच मला सांगितलं. भट्टीची भुकटी. म्हणजे शिसं. ते आंबिलीत उतरलं."

"आणि आंबटात विरघळलेलं शिसं गोड लागतं," डॉक्टरबाई हळू म्हणाल्या.

"बाकीच्या सहा घरांत पाणी होतं किंवा सुकी फुलं होती. पाण्याला सिमेंट दाद देत नाही. म्हणून सहा रांजण निर्दोष आणि सातवा मारणारा."

"मग हा अपघात झाला," फौजदारसाहेब म्हणाले. "याला काय माहीत होतं?"

"यालाच माहीत होतं, साहेब. अहवालाचं दुसरं पान मी आज फोनवर वाचून घेतलं. तोच तुकडा आंबट पाण्यात ठेवला होता. शिसं भरपूर सुटलं. खाली लिहिलंय, उघड्यावर वापरू नये. ते पान डिसेंबरात याच्या सहीने याच्या हातात गेलं. रांजण जानेवारीत झाले."

हेमंतने खिशातलं पेन काढलं, पुन्हा ठेवलं.

"तू मंगळवारी आलो म्हणालास," तुळशीदास त्याच्याकडे वळला. "काळीने तुला रविवारी बघितलं. घरोघर रांजणात डोकावताना. लहान्याच्या रांजणात तुला आंबील दिसली. सोमवारी सगळे राबावर गेल्यावर तू तो दरीत ढकललास. मंगळवारी लहान्याला झटके आले आणि तो गेला. बुधवारी सकाळी तू बाजारातून चौकीला फोन केलास."

"मी फोन केला नाही."

तुळशीदासने डायरी उघडली आणि वाचलं. "पोटात कळा येतात, हात लुळे पडतात. हे बुधवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी लिहिलंय. पाड्यावर तोवर एकाचाही हात लुळा पडला नव्हता. गौराचे हात पडले गुरुवारी. बुधवारी संध्याकाळी डॉक्टरबाईंनी ते धड बघितलेत. चोवीस तास आधी हे कोण सांगेल? डॉक्टर सांगेल, नाहीतर ज्याच्या कंपनीत शिशाच्या दुखण्याचा फळा टांगलेला असतो तो. पाड्यात तसा एकच माणूस आहे."

हेमंत खाली बसला, भिंतीला पाठ लावून, चौकीत हिरी बसली होती तसाच.

"तपासणीवाले येणार होते," तो म्हणाला. "कंपनीवाले म्हणाले, यार्डातला ढीग हलवा, कुठेही हलवा. इथे बायका पाण्याला मरतायत. मी म्हटलं, पाणीच तर ठेवणार. पाण्याची टेस्ट पास होती, हवालदार. पाणी सोडून रांजणात कोणी काय ठेवतं? पाणी संपेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"या पाड्यात जन्मून?"

"सहा वर्षं खाली राहतो मी. तिथे नळ आहे."

"आणि हिरी? तुझी सख्खी काकी."

"कुणीतरी येऊन त्यांना दवाखान्यात नेलं पाहिजे होतं. दारू म्हटल्याशिवाय तुम्ही वर चढला नसता."

हे खोटं नव्हतं, आणि फौजदारसाहेब दुसरीकडे बघायला लागले. तुळशीदासला त्या क्षणी हेमंतची कीव आली आणि त्याचा रागही आला. दोन्ही त्याने गिळलं.

"त्यासाठी दारू म्हणालास, ते एक वेळ समजतं," तो म्हणाला. "पण दवाखान्यात आणल्यावर डॉक्टरबाईंच्या कानात एक शब्द सांगायचास. शिसं. दीड दिवस त्या अंधारात चाचपडत होत्या आणि तू पाड्यावर मला पाणी पाजत होतास."

हेमंतला साहेबांनी जीपमध्ये बसवलं. जाता जाता हुकूम सोडला, की उरलेले सहाही रांजण आजच फोडून टाका. निरोप घेऊन गेलेल्या शिपायाने संध्याकाळी येऊन सांगितलं, की फोडले. काळी म्हातारी म्हणाली, बरां केलां, आता पानी कशात ठेवू ता पन सायबाला विचार. शिपायाने ते साहेबांना विचारलं नाही.

दुसरी जीप यायला वेळ होता. तुळशीदास गौराचा जबाब घेऊन बसला. लिहून झाल्यावर त्याने तो तिला सावकाश वाचून दाखवला. तिने भिंतीकडे बघत ऐकला.

"आंबील मी वाढली, ता लिहिलां का?"

"रांजण हेमंतने दिला, ते लिहिलंय बाय."

"ता नाय. आंबील मी वाढली. त्याला बाकीच्यांपेक्षा जास्ती वाढली."

"त्याची गरज नाही. तुझा त्यात गुन्हा नाही."

"दोन्ही लिहा," गौरा म्हणाली.

त्याने दोन्ही लिहिलं. तिच्या शब्दांत. मग अंगठा घ्यायची वेळ आली. तिला हात उचलता येईना. तुळशीदासने तिचं मनगट आपल्या हातात घेतलं, अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला आणि कागदावर दाबला. हात जड होता आणि त्याने कशालाच विरोध केला नाही. अंगठ्याची शाई त्याने आपल्याच रुमालाने पुसली.

आत फोन वाजला. डॉक्टरबाई बोलल्या, मग दाराशी येऊन त्यांनी तुळशीदासला खुणेने बोलावलं.

"झटके थांबले," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "रविना शुद्धीवर आली. वाचेल म्हणतायत." त्यांनी गौराकडे बघून घेतलं. "आजीकडे आंबील मागतेय. आईची, ती गोडवाली."

तो परत येऊन स्टुलावर बसला. गौराने पहिल्यांदाच भिंतीवरून नजर काढली होती.

"पोरगी जागी झाली," तो म्हणाला. "भूक लागली म्हणते."

"काय मागते?"

अठ्ठावीस वर्षं तो दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे पुढे देत आला होता. डायरी त्याच्या मांडीवर उघडीच होती.

"भात," तुळशीदास म्हणाला.

गौराने मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला तिचे हात वर येईनात.

"मऊ करून द्या म्हनावां," ती म्हणाली.

"सांगतो," तुळशीदास म्हणाला. त्याने रुमालाची शाई न लागलेली बाजू शोधली आणि तिचे डोळे पुसले. त्या दिवशीच्या डायरीत हे शेवटचं बोलणं त्याने लिहिलं नाही.